बारशाच्या पंगतीत दारू वाढली नाही म्हणून भाऊबंद रुसले, पण देबूजी ऐकला नाही

वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा नाहीतर मालेगाव. यापैकी कुठल्याही तालुक्यातल्या कॉलेजातून साधी बी.ए. किंवा बी.कॉम. केली असेल, तर कपाटातली गुणपत्रिका काढून बघा. वरती नाव आहे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचं. अमरावती, अकोला, वाशिम, बुलडाणा आणि यवतमाळ या पाच जिल्ह्यांचं हे विद्यापीठ १९८३ साली सुरू झालं आणि पुढे त्याला बाबांचं नाव मिळालं. ज्या माणसाला स्वतःला शाळेचं तोंड बघायला मिळालं नाही, त्याच्या नावाच्या कागदावर आज पाच जिल्ह्यांतली पोरं नोकरीचे अर्ज करतात.

गाडगेबाबा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो खराटा. शाळेतल्या धड्यात खराटा, सरकारच्या ग्रामस्वच्छता अभियानात खराटा, पुतळ्याच्या हातातही खराटाच. त्यात चूक काही नाही. पण बाबांनी आयुष्यभर झाडायचा प्रयत्न केला अशी दुसरी एक घाण होती, ती म्हणजे व्यसन. आणि ती त्यांना कुणी पुस्तकातून शिकवली नव्हती. ती त्यांच्या घरात होती. बाबांच्या वडिलांचा जीवच तिनं घेतला होता.

गोष्ट सुरू होते शेंडगावात. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं हे गाव. तिथं २३ फेब्रुवारी १८७६ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, झिंगराजी आणि सखूबाई जानोरकर या परीट कुटुंबात मुलगा झाला. नाव ठेवलं डेबू, कुणी म्हणे देबू. पुढे मोठेपणी देबूजी झाला.

झिंगराजी हा काही जन्माचा दारुडा नव्हता. घरात शेती होती, गुरंढोरं होती, माणूस कामाचा होता. पण त्या काळी जातीची अशी एकही बैठक नव्हती, जिथं दारू आणि मटण नाही. बारसं असो, लग्न असो, तेरावं असो, पंचांची बैठक असो, नाहीतर देवाला बकरं कापायचं असो. देवाच्या नावानं बाटली फुटायची आणि प्रसाद म्हणून वाटली जायची. प्रसादाला नाही कोण म्हणणार? आधी सणावाराला एक घोट, मग मैतरांच्या आग्रहाला दोन, मग काही कारण नसलं तरी रोजची. चरित्रकारांनी झिंगराजीच्या घसरणीचा हाच क्रम सांगितला आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी तर बाबा हयात असतानाच त्यांचं चरित्र लिहिलं आणि त्यात या बापाची कहाणी सविस्तर मांडली.

इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. झिंगराजीला दारू पाजणारे कुणी शत्रू नव्हते. भाऊबंद होते, सोबती होते, सोयरे होते. प्रेमानं, मानानं, आग्रहानं पाजत होते. दारू प्यायची तेव्हा सगळे होते. शेत गेलं, गुरं गेली, बायको-पोराला घेऊन शेंडगाव सोडायची वेळ आली, अंगात रोग भरला, तेव्हा मात्र त्यातलं कुणी नव्हतं. नातेवाइकाच्या आसऱ्याला पडून राहिलेल्या झिंगराजीजवळ शेवटी उरली ती सखूबाई आणि लहानगा देबू.

शेवटच्या दिवसांत झिंगराजीचे डोळे उघडले, असं चरित्रांत येतं. आपण कशानं मरतोय हे त्याला कळलं होतं. पोराला या दारूपासून आणि दारू मागणाऱ्या देवांपासून लांब ठेव, एवढंच त्यानं बायकोला विनवलं आणि १८८४ साली तो गेला. देबू तेव्हा आठ वर्षांचा होता.

व्यसन सोडायची इच्छा झिंगराजीला झाली नाही, असं म्हणता येत नाही. झाली, पण फार उशिरा झाली आणि तीही एकट्याला झाली. त्याला धरून ठेवणारं, आज नको म्हणणारं, त्याच्याबरोबर स्वतःचाही पेला बाजूला ठेवणारं माणूस भोवती नव्हतं. बाबांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या एका ओळीत सापडतं.

आता सखूबाईकडे बघू, कारण या कथेत तिला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही. नवऱ्याच्या मागे तिनं काय केलं? ती पोराला घेऊन माहेरी निघून गेली. गाव दापुरे, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. तिथं तिचे वडील हंबीरराव आणि भाऊ चंद्रभान यांची शेती होती. विधवा बाई माहेरी गेली, एवढंच वरवर दिसतं. पण ज्या गावात, ज्या संगतीत बाप बुडाला, तिथून तिनं पोराला उचलून दुसऱ्या संगतीत नेऊन ठेवलं. आज व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक घरच्यांना पहिल्यांदा हेच सांगतात की जुना अड्डा, जुनी वेळ, जुनी टोळी बदला. सखूबाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या मरणानं शिकवलं होतं.

दापुरेचं ठिकाण नीट ध्यानात घ्या. मूर्तिजापूरहून निघालेली शकुंतला रेल्वे पुढे कारंज्यावरून यवतमाळला जायची. कारंजा आज वाशिम जिल्ह्यात आहे, पण बाबांच्या हयातीतल्या बऱ्याच काळात वाशिम नावाचा वेगळा जिल्हाच नव्हता. इंग्रजांनी १९०५ साली तो मोडून अकोल्याला जोडला आणि १ जुलै १९९८ ला तो परत वेगळा झाला. म्हणजे आजचा वाशिमकर आणि दापुरेचा देबू हे एकाच वऱ्हाडातले, एकाच बोलीतले, कापूस-ज्वारीच्या एकाच रानातले.

दापुरेत देबू गुरं राखू लागला. पोहण्यात पटाईत, अंगानं काटक, औत हाकण्यात तरबेज. आणि त्याला भजनाचा नाद लागला. बरोबरीच्या गुराख्यांना जमवायचं, टाळ नसले तर दगड वाजवायचे, रात्री भजनाला बसायचं. त्यात जात बघायची नाही. गावात अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्यांतही तो बसे-उठे, भाकरी वाटून खाई. त्याबद्दल बोलणी खावी लागली, तरी त्यानं सोडलं नाही.

हे भजन म्हणजे भक्तीची हौस, असं समजून पुढं जाता येईल. पण थोडं थांबून विचार करा. संध्याकाळी काम संपल्यावर शिणलेल्या माणसानं जायचं कुठं? गावात त्याला दोनच उत्तरं होती. एक गुत्ता, दुसरं देऊळ. गुत्त्यावर चार माणसं भेटतात, हसतात, दिवसाचा शीण उतरतो. दारूच्या बरोबरीनं माणूस त्या चार माणसांसाठीही तिथं जातो. देबूच्या टोळीला ती चार माणसं दुसरीकडे मिळाली. कुठल्याही व्यसनी माणसाला विचारा, सोडल्यावर सगळ्यात अवघड काय जातं? तलफ तर असतेच. पण संध्याकाळी सहा ते आठ करायचं काय, हा प्रश्न तलफेपेक्षा छळतो.

मधल्या काळात घरावर एक घाला आला. मामा चंद्रभान सावकाराच्या कर्जात अडकले. लिहिता-वाचता येत नसल्यानं कागदावर काय चढलं हे त्यांना कळलंच नाही, आणि जमीन गेली. त्या धक्क्यानं मामाही गेले. देबूजीनं सावकाराशी उभा दावा मांडला. पुढच्या आयुष्यात बाबा कीर्तनात कर्ज, निरक्षरता आणि दारू ही तीन नावं एका दमात घेत, ती उगाच नाही. बाप दारूनं गेला आणि मामा कर्जानं. दोन्ही मरणं त्यांनी घरात बघितली होती.

१८९२ साली देबूजीचं लग्न कुंताबाईशी झालं. आणि मग आली ती घटना, जिच्यावरून या लेखाला नाव दिलं आहे.

देबूजीला पहिली मुलगी झाली, आलोका. बारसं ठरलं. बारसं म्हणजे भाऊबंदांना जेवण आणि जेवण म्हणजे बकरं आणि दारू. हा रिवाज इतका पक्का होता की त्याला कुणी रिवाजसुद्धा म्हणत नव्हतं. पाऊस पडतो तसं ते होतं. देबूजीनं सांगितलं की आपल्या घरी दारू येणार नाही, बकरंही कापलं जाणार नाही. गोडाचं जेवण वाढू.

आज वाचताना यात काय मोठं, असं वाटेल. पण त्या काळच्या गावात उभं राहून बघा. जातीबाहेर टाकायचा अधिकार पंचांच्या हातात. उद्या या पोरीचं लग्न याच भाऊबंदांत करायचं. घरात मयत झालं तर खांदा द्यायला हीच माणसं येणार. ती पंगतीला येऊन बसणार आणि पानात मटण नाही, पेल्यात दारू नाही. हा पाहुण्यांचा अपमान होता आणि बापजाद्यांच्या चालीचाही. व्हायचं तेच झालं. कुजबुज झाली, नाकं मुरडली गेली, भाऊबंद रुसले. घरातल्या मोठ्यांनाही धाकधूक वाटली असणार. देबूजी मात्र ऐकला नाही. लोक गोडाचं जेवण जेवले आणि आकाश कोसळलं नाही.

या बारशाचं महत्त्व दारूला विरोध केला एवढ्यापुरतं नाही. देबूजीला स्वतःला दारूचं व्यसन नव्हतंच, त्याला सोडायचं काहीच नव्हतं. त्यानं हात घातला तो थेट पंगतीला. ज्या जागेवर बापाला पहिला घोट मिळाला होता, ती जागाच त्यानं बदलली. त्या पंगतीत एखादा तरी असा असेल, ज्याला मनातून प्यायची नव्हती पण नाही म्हणायची सोय नव्हती. त्याला त्या दिवशी पहिल्यांदा नाही म्हणावं लागलंच नाही. यजमानानंच ते म्हणून टाकलं होतं.

ही नुसती गावाकडची शहाणी समज नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात हृदयविकाराचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्यातल्या १२,०६७ लोकांच्या १९७१ ते २००३ या काळातल्या नोंदी निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर या दोन संशोधकांनी तपासल्या. कोण कुणाचा मित्र, कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाच्या हाताशी काम करतो, हे सगळं त्यात होतं. २००८ साली त्यांनी निष्कर्ष छापला. नवरा-बायकोतल्या एकानं सिगारेट सोडली, तर दुसरा ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते. मित्रानं सोडली तर ३६ टक्क्यांनी. भावंडानं सोडली तर २५ टक्क्यांनी. छोट्या ठिकाणी काम करणाऱ्या सहकाऱ्यानं सोडली तर ३४ टक्क्यांनी. लोक एकेकटे सोडत नाहीत, टोळीच्या टोळी सोडते, असं त्यांना दिसलं. आणि जे ओढत राहतात, ते हळूहळू सगळ्यांच्या कडेला ढकलले जातात. शंभरेक वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या एका बारशात याचा अर्धा भाग करून दाखवला गेला होता. उरलेला अर्धा, म्हणजे कडेला पडलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न बाबांनी पुढे हाती घेतला.

१ फेब्रुवारी १९०५. देबूजी २८ वर्षांचा. त्या दिवशी त्यानं घर सोडलं. (वाशिम जिल्हा मोडला तेही याच साली, हा निव्वळ योगायोग.) पुढची बारा वर्षं तो माणूस रानोमाळ फिरत होता. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर फुटक्या मडक्याचं खापर, हातात काठी. त्याच खापरात भाकरी मागून खायची, त्यातच पाणी प्यायचं. वऱ्हाडात मडक्याला गाडगं म्हणतात, त्यावरून लोकांनीच नाव पाडलं. कुणी गोधडेबुवा म्हणे, कुणी चिंधेबुवा. शेवटी टिकलं ते गाडगेबाबा.

एक सांगायलाच हवं. या निघून जाण्याची किंमत कुंताबाईंनी आणि लेकरांनी मोजली. पुढे बाबांच्या शब्दावर लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्यात घरच्यांना त्यांनी हक्क दिला नाही. मोठेपणाच्या गोष्टीत हा भाग पटकन उरकला जातो. पण दुसऱ्यांचे संसार सावरायला निघालेल्या माणसाच्या स्वतःच्या घरात कुंताबाईंनी काय सोसलं, हे वाचकानं विसरू नये.

बाबांची कामाची रीत ठरलेली होती. गावात यायचं. कुणाला न विचारता खराटा घेऊन रस्ते झाडायला लागायचं. गावकरी आधी वेडा समजत, मग ओशाळत, मग एकेक जण झाडू घेऊन येई. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव कामाला लागलेलं असे. रात्री कीर्तन.

ते कीर्तन म्हणजे व्याख्यान नव्हतं. बाबा वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारत आणि समोरच्या लोकांकडून मोठ्यानं उत्तर घेत. देव कुठं आहे, बकरं कापून देव खूश होतो का, दारू पिऊन कुणाचं भलं झालं का, कर्ज काढून लग्न करावं का, पोराला शाळेत घालावं का. लोक हो किंवा नाही म्हणून ओरडत. दारू सोडायचं, बळी द्यायचा नाही असं सगळ्यांसमोर वदवून घेतलं जाई.

या पद्धतीत ताकद कशाची होती, तर साक्षीची. मनात ठरवलेलं मनातच मोडतं आणि कुणाला कळतही नाही. हजार माणसांत ओरडून सांगितलेलं मोडायला जड जातं, कारण शेजारी बसलेल्यानं ऐकलेलं असतं. बायकोनं ऐकलेलं असतं. बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्यानं ऐकलेलं असतं. आणि मुख्य म्हणजे त्यानंही तेच ओरडून सांगितलेलं असतं. उद्या दोघं भेटले की एकमेकांना आठवण करून द्यायची सोय आपोआप झाली.

दारू वाईट आहे हे पिणाऱ्याला ठाऊक असतंच. बाबा त्याला धर्माचा धाक घालत बसले नाहीत. त्यांनी त्याला हिशेब दाखवला. दारूवर जाणारा पैसा, त्यात पोराची पाटी-पुस्तकं किती आली असती, बायकोला लुगडं किती आलं असतं. जेवायला ताट नसलं तर हातावर भाकरी घेऊन खा पण पोराला शिकवा, हे त्यांचं सांगणं आजही वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. माणसाला सोडायला सांगायचं तर बदल्यात धरायला काहीतरी द्यावं लागतं. बाबा पोराचं शिक्षण देत होते.

आणखी एक. बाबा कुणाचे गुरू झाले नाहीत. पाया पडायला आलेल्याला हटकत, चेला केला नाही, मठ बांधून गादी चालवली नाही. कीर्तन संपलं की बरेचदा गाव उठायच्या आत निघून जात. म्हणजे शपथ घेतलेल्या माणसाला बाबांच्या मागं फिरता येत नव्हतं. त्याच्या वाट्याला उरत ती त्याच गावातली, काल त्याच्यासोबत रस्ता झाडलेली माणसं. आधार त्यांचाच घ्यायचा.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन म्हणून यात्रेचं ठिकाण आहे. तिथं येणाऱ्यांची गैरसोय बघून बाबांनी लोकांच्या मदतीनं घाट बांधला. पुढे मूर्तिजापूर, नाशिक, पंढरपूर, मुंबई अशी धर्मशाळांची रांग लागली. पंढरपूरला १९१७ च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली, ती बाबांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. हा कारभार सांभाळायला ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशन स्थापन झालं.

त्यांच्या नावानं सांगितला जाणारा दहा कलमी संदेश तुम्ही एसटी स्टँडवर, सरकारी कचेरीच्या भिंतीवर वाचला असेल. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र आणि असंच पुढं. गंमत अशी की त्या दहात दारूबंदी नाही, व्यसन सोडा हेही नाही. पण शेवटचं कलम बघा. दुःखी आणि निराश माणसाला हिंमत द्या, असा त्याचा आशय आहे. व्यसन सोडताना चौथ्यांदा घसरलेल्या माणसाला बाकी नऊ कलमांपेक्षा हे दहावं जास्त लागतं.

वऱ्हाडात हे काम करणारे बाबा एकटे नव्हते. त्यांच्यापेक्षा वयानं ३३ वर्षांनी लहान असलेले तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन याच गावांतून फिरले. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून त्यांनी सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी एकत्र बसायचं, म्हणजे देबूच्या भजनाचंच मोठं रूप. आणि त्याही आधी, मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला ज्यांची समाधी आहे, त्या संत सेवालाल महाराजांच्या शिकवणीत तांड्यावरच्या बंजारा समाजाला नशेपासून लांब राहायचं सांगणं होतं. वाशिम जिल्ह्याच्या मातीला हा विषय नवा नाही.

मग आज काय चित्र आहे? बाबांचा मुख्य रोख दारूवर होता. आता पानटपरीवर बघा. विदर्भात बिडी-सिगारेटपेक्षा मोठं दुखणं आहे ते खर्ऱ्याचं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकमध्ये घोटून तयार होणारी ती पुडी. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. ओढणारे फक्त ३.८ टक्के होते, तोंडात धरणारे २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांत तंबाखू विकायला मनाई आहे. कायदे हवेतच. पण खर्रा कुणी एकट्यानं खायला सुरुवात केल्याचं फारसं ऐकू येत नाही. पहिली चिमूट मित्राच्या पुडीतलीच असते. झिंगराजीच्या पहिल्या घोटासारखी.

म्हणून तंबाखू सोडायची असेल तर पुडी फेकण्याच्या बरोबरीनं एक काम करायचं. दोन माणसांना सांगायचं. एक घरातलं, एक टपरीवरचं. टपरीवरच्याला मुद्दाम, कारण आग्रह तोच करणार आहे. निकोटिनचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच उतरतो. तलफेची एकेक लाट काही मिनिटांची असते. तेवढी मिनिटं कुणाशी तरी बोलत काढली की ती ओसरते. हाताशी कुणीच नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फुकट फोन करता येतो. हा नंबर तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो, फोडणाऱ्याचं लक्ष जात नाही इतकंच.

दारूचं थोडं वेगळं आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं ती एकदम बंद केली तर हातपाय कापणं, झटके, भ्रम असे त्रास होऊ शकतात, जीवावरही बेतू शकतं. तिथं डॉक्टरला विचारूनच पाऊल टाकावं.

आणि ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी बारसं आठवावं. टोमणे मारून, पुडी लपवून, चारचौघांत लाज काढून फार काही साधत नाही. त्याच्यासमोर आपण खर्रा घोटायचा नाही. लग्नात, वाढदिवसाला, शेतातल्या पार्टीला बाटली आणायची नाही, आणि आणली नाही याबद्दल पाहुण्यांची बोलणी त्याच्या वाट्याला जाऊ न देता यजमानानं आपल्या अंगावर घ्यायची. तो घसरला, तर कितव्यांदा हे मोजत न बसता उद्याची सकाळ धरायची. गावपातळीवरही हे होतं. महाराष्ट्रात गावातल्या महिलांनी मतदान करून दारूचं दुकान बंद करायची तरतूद आहे, लोक तिला आडवी बाटली म्हणून ओळखतात. कित्येक गावांतल्या बायकांनी ती वापरली. एकटी बाई नवऱ्याला नाही म्हणाली तर मार खाते. शंभर जणी एका रांगेत उभ्या राहिल्या की गोष्ट बदलते.

बाबा शेवटपर्यंत फिरत राहिले. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस स्टेशनच्या आवारात त्यांनी कीर्तन केलं. वय ८० पार, शरीर थकलेलं. ते कीर्तन ध्वनिमुद्रित झालं आणि आज कुणीही मोबाइलवर ऐकू शकतं. ऐकताना लक्ष द्या ते समोरून येणाऱ्या उत्तरांकडे. बाबा विचारतात आणि गर्दी एका आवाजात उत्तर देते. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी प्राण सोडला. अमरावतीत ज्या भागात त्यांची समाधी आहे, त्याला आज गाडगेनगर म्हणतात.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात बाबांनी १९५४ साली धर्मशाळा उभारली होती, बाहेरगावाहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना डोकं टेकायला जागा मिळावी म्हणून. पुढे मिशननं दादरलाही एक धर्मशाळा चालू केली. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार घेणारे कॅन्सरचे रुग्ण तिथं राहतात. कुणाचं तोंड उघडत नाही, कुणाच्या गालाला पट्टी आहे, कुणाच्या नाकात नळी आहे. प्रत्येकासोबत घरचं एखादं माणूस असतं. ते सकाळी त्याला धरून हॉस्पिटलला नेतं आणि संध्याकाळी परत घेऊन येतं.